बांधापलीकडचं उधाण

परवा दुपारी वकीलबाईंचा मेसेज आला. 'कोर्टाचा आजचा बोर्ड आपल्या केसच्या नंबरापर्यंत पोहोचला नाही. आता सुट्टीनंतर.' मी मोबाइल पालथा ठेवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. खाली कंपाउंडला लागून सोनमोहर फुललाय. त्याचा पिवळा सडा गाड्यांच्या टपांवर पडतो, वॉचमन झाडूने लोटतो, लोटून होतो न होतो तोच वरून पुन्हा पडतो. मे महिना लागला.

लोकांना मे महिना हापूसच्या पेटीवरून कळतो, पोरांच्या निकालावरून कळतो, गावच्या गाडीच्या रिझर्वेशनवरून कळतो. मला कोर्टाच्या सुट्टीवरून कळतो. कायद्यालाही उन्हाळ्याची सुट्टी असते, हे शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीतही तातडीचं काम चालतं म्हणा, न्यायाधीश बसतात, ते मला माहीत आहे. पण तातडी म्हणजे काय? ज्याचं घर उद्या सकाळी पडणार आहे त्याची ती तातडी. तळं उद्या सकाळी पडत नाही. तळं आटतं. आज बोटभर, उद्या बोटभर. हळूहळू मरणाऱ्याला तातडी सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येईल तेव्हा तो मेलेला असतो.

नेरुळला आमच्या सेक्टरमागे, पाम बीच रोड ओलांडून खारफुटीच्या बाजूने गेलं की ते तळं लागतं. तळं म्हणते खरी, पण ते पावसाचं तळं नाही. खाडीचं पाणी एका चिंचोळ्या तोंडातून भरतीला आत यायचं, ओहोटीला थोडं बाहेर जायचं. श्वासासारखं. त्या श्वासावर चिखल जगायचा, चिखलावर चिंबोऱ्या म्हणजे खेकडे आणि निवट्या म्हणजे उड्या मारणारे छोटे मासे जगायचे, आणि थंडी सरल्यापासून मेअखेरपर्यंत फ्लेमिंगो त्यात माना खाली घालून उभे राहायचे. शहराला त्यांचा फार अभिमान. चौकाचौकात फायबरचे गुलाबी फ्लेमिंगो उभे आहेत, त्यांच्या पायाशी कारंजी आहेत, संध्याकाळी लाइट लागतात. त्या कारंज्यांचं पाणी मी कधी आटलेलं पाहिलं नाही.

आम्ही कोपरखैरण्याहून इथे राहायला आलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी आईने सगळ्या खिडक्या धडाधड लावून घेतल्या होत्या. "गटार फुटलंय का हो कुठे?" बाबा तुर्भ्याच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. दिवसभर केमिकलचा वास घेतलेला तो माणूस खिडकी उघडून म्हणाला, "गटार नाही. खाडी आहे. घे, सवय कर." महिनाभरात सवय झाली. पुढे पुढे तर ओहोटीच्या वेळचा तो आंबूस, खारट, गार वास आला नाही की घरात कुणी तरी कमी आहे असं वाटायचं.

ज्या मे महिन्याबद्दल मी लिहितेय तो काही वर्षांपूर्वीचा. त्या मे महिन्यात तो वास यायचा थांबला.

स्पष्टच सांगते, वास आपोआप थांबला नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये डंपर आले. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, ज्याला इथे राबिट म्हणतात, तुटक्या फरशा, विटांचे तुकडे, संडासाची फुटलेली भांडी, वरून मुरूम. त्यांनी सगळ्यात आधी तळ्याचं तोंड बुजवलं. खाडी आणि तळं यांच्यामध्ये माणूसभर उंचीचा बांध घातला. मग आतल्या काठाने भराव सुरू झाला. आधी पाण्याचा श्वास बंद करा, मग अंगावर माती लोटा. कागदावर हे सगळं बेकायदा. खारफुटीला हात लावायचा नाही, पाणथळ बुजवायची नाही, भरतीच्या रेषेच्या आत राडारोडा टाकायचा नाही. तळ्यासाठी एकत्र आलेल्या आम्हा रहिवाशांना एकही नवा कायदा नको होता. आहेत तेच पाळा, एवढंच म्हणणं होतं. ज्याला पगार आहे त्याने त्याचं काम करावं यासाठी आम्ही वर्गणी काढून वकील लावला, यापेक्षा निर्लज्ज विनोद मला अजून सापडलेला नाही.

'निर्लज्ज' हा शब्द याचिकेच्या पहिल्या मसुद्यात होता. मी पत्रकं लिहून लिहून हात बसवलेली मुलगी. शत्रू पहिल्या ओळीत, मागणी शेवटच्या ओळीत, मध्ये उद्गारचिन्हं. वकीलबाईंनी लाल पेनाने सगळी विशेषणं खोडली. "कोर्टाला राग नको असतो गं. कोर्टाला फोटो हवा, नकाशा हवा आणि तू आधी कुणाकुणाचे दरवाजे ठोठावलेस ते हवं."

दरवाजे मी ठोठावले होतेच. पहिल्या ऑफिसने सांगितलं, तळं दुसऱ्या ऑफिसकडे. दुसऱ्याने सांगितलं, झाडं तिसऱ्याकडे. तिसऱ्याने सांगितलं, पहिल्याने आम्हाला ताबाच दिलेला नाही. तिन्ही ठिकाणी एसी गार होता, चहा विचारला गेला, आणि तिन्ही ठिकाणी निरोपाचं वाक्य एकच. "लेखी आदेश आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही, मॅडम." डंपरला कुणी लेखी आदेश विचारला होता का, हे मी तिन्ही ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी साहेब हसले.

एका डंपरपुढे मी आडवीही झाले होते. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, मग गाडी मागे घेतली आणि खारफुटी तुडवत माझ्या बाजूने नेली. माझा त्या वेळचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले, एका काकांनी 'पार्किंगचा विषयही घ्या' असं टाकलं.

चांगुणाकाकींची ओळख त्याआधीची. त्या शेजारच्या शिरवणे गावच्या. तळ्याजवळची जमीन सासऱ्याच्या काळात शहर वसवायला सरकारने घेतली, पुढे मुलाने, जनार्दनने, गावठाणात चाळ बांधली. घरात गाडी आहे, जनार्दनच्या गळ्यात सायकलच्या साखळीएवढी सोन्याची साखळी आहे. काकींना कामाला जायची काही गरज नव्हती. तरी ओहोटी साधून त्या तळ्यात उतरायच्या आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "भाडा पोराचा. चिंबोरी माजी."

पहिल्यांदा मी त्यांना आमचं पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि त्यात गिऱ्हाइकाला चिंबोरी बांधून दिली. माझं तोंड उतरलेलं पाहून हसल्या. "वाचता येतं मना. पन घरी जाऊन तो वाचंल ना तुजा कागद. चिंबोरी संपल्यावं." मग टोपलीतून नांग्या बांधलेली एक काढून माझ्यापुढे धरली. "तू बामनाची कं?"

"मराठा. साताऱ्याकडची."

"मंग खा ना! घाबरतेस काला?"

याचिकेत माझं नाव पहिलं आणि काकींचं दुसरं. कोर्टात जायच्या दिवशी त्या हिरवी कडक साडी, अबोलीचा गजरा आणि ठसठशीत कुंकू लावून आल्या. गेटवर पोलिसाने पिशवी तपासली तर आत भाकरी आणि सुकट. आम्ही दिवसभर बाकावर बसलो. समोर एक लाकडी दार उघडत होतं, मिटत होतं. काळे कोट आत जात होते, बाहेर येत होते. सुट्टीपूर्वीचा शेवटचा आठवडा, म्हणून सगळ्या शहराला आजच न्याय हवा होता. आमचा नंबर उजाडला तेव्हा कोर्ट उठायला आलं होतं. काय बोलणं झालं ते मला अर्धवट ऐकू आलं. समोरच्यांनी, म्हणजे जागेच्या मालक प्राधिकरणाच्या वकिलांनी, वेळ मागितला. वकीलबाई पुढे झुकून भरभर बोलल्या. न्यायाधीशांनी फोटो पाहिले, चष्मा काढला, काही तरी सांगितलं, आणि आम्ही बाहेर आलो.

"जैसे थे मिळालं," वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे पुढची सुनावणी होईपर्यंत तळ्यात कुणी काही टाकायचं नाही, खणायचं नाही, बांधायचं नाही. आहे ते आहे तसं ठेवायचं. आणि प्राधिकरणाने सुट्टीत जागेची पाहणी करून सुट्टीनंतर अहवाल द्यायचा.

"आणि तोंड?" मी विचारलं. "बांध काढायचा?"

"ती मुख्य मागणी. ती पूर्ण सुनावणीत. आज एवढंच मिळण्यासारखं होतं. हे नसतं मिळालं तर सुट्टीत त्यांनी सगळं भरून टाकलं असतं. कळतंय ना तुला?"

कळत होतं. आम्ही पेढे घेतले. काकींनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा सुकटीच्या पिशवीत ठेवला. परत येताना खाडीपुलावर त्यांनी विचारलं, "मंग पानी कवा येल?" मी म्हटलं, सुट्टीनंतर. त्या बाहेर बघत राहिल्या. खाली भरती होती. "पान्याला सांगितलास कं? सुट्टी हाय म्हनून?"

आणि सुट्टी लागली.

त्या मे महिन्यातलं ऊन माझ्या डोळ्यांना अजून आठवतं. मी रोज सकाळी तळ्यावर जायचे. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आजारी माणसाच्या खाटेशी जाऊन बसतो तसं. पाणी काठ सोडून आत सरकत होतं. मागे राहिलेला चिखल आधी चकचकीत काळा, मग राखाडी, मग त्यावर मिठाची पांढरी बुरशी. मग भेगा. निवट्या चिखलावरून उड्या मारत मारत पाण्यामागे जायच्या. एक दिवस उड्या थांबल्या. फ्लेमिंगो आले, वरून एक घिरटी घातली, उतरले, थोडा वेळ कोरड्यात उभे राहिले. एखाद्या घरी पाहुणे जावेत आणि दाराला कुलूप असावं तसे. मग उठून उरणच्या दिशेने निघून गेले.

वास आधी सडका झाला. मग तोही गेला. मग नुसती धूळ. आई खिडक्या पुसताना म्हणाली, "तो वास परवडला."

बांधावर आता एक सिक्युरिटी गार्ड बसू लागला होता. सोनवणे नाव, जालन्याकडचे, डोक्यावर टोपी आणि टोपीवर ओला रुमाल. जैसे थे आहे ना, त्याची राखण करायला प्राधिकरणाने नेमलेले. डंपर येत होते तेव्हा इथे कुणी गार्ड नव्हता. त्यांना मी ते बोलूनही दाखवलं. "मला तर आत्ता ठेवलंय ना मॅडम," ते म्हणाले आणि बाटलीतलं पाणी मला देऊ केलं.

मी वकीलबाईंना फोन केला. त्या गावी होत्या, मागे पंख्याचा आणि पोरांचा आवाज. "सुट्टीतल्या कोर्टापुढे जाऊ या," मी म्हटलं. "काय सांगशील? एक आदेश चालू आहे, आणि तो तूच मागितला आहेस. धीर धर." धीर हा शब्द मला विशेषणापेक्षा वाईट वाटतो.

एका दुपारी काकींच्या ओटीवर बसले असताना त्यांनी जोळाची गोष्ट सांगितली. पूर्वी ही सगळी भातशेती. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. उधाणाच्या पाण्याने कधी बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की गावात हाक जायची. मग घरटी एक माणूस, हातात काही तरी घेऊन, बांधावर. तेच जोळ. कुणाच्या शेतासमोर फुटला ते कुणी विचारायचं नाही. नवीन लगीन झालेला पण येणार, घरात सुतक असलेला पण येणार. कारण खारं पाणी आत आलं की ते हद्द विचारत नाही. "मी लगीन होऊन आली ना, हलद पन उतरली नव्हती. सासू बोलली, उठ, खांड गेलीय. हलदीचे हात चिखलात." त्या हसल्या आणि हात उलटेसुलटे करून बघितले, जणू हळद अजून असेल.

"तेव्हा पाणी बाहेर ठेवायला जोळ," मी म्हटलं.

"आता आत घ्यायला," जनार्दन आतून म्हणाला. तो इतका वेळ मोबाइल बघत होता असं मला वाटलं होतं. "अमावास्या आली, दुपारचं उधाण मोठं हाय. तोंडावरचा राबिट थोडा काढला तरी पानी येल. साहेब पाहनीला येतील तवा तळ्यात पानी पायजे. नायतर ते लिवतील, तळाच नाय."

तो खरं तेच बोलत होता. ती भीती मी स्वतःशीसुद्धा उच्चारली नव्हती. ज्यांनी तोंड बुजवलं तेच पाहणीला येणार होते, आणि कोरडी जमीन बघून 'इथे पाणथळ नाही' असं लिहिणार होते. जैसे थे जितकं नीट पाळलं जाईल तितकी आमची केस मरणार होती.

मी पुन्हा फोन केला. या वेळी वकीलबाईंच्या मागचा पंखा बंद झाला. "नीट ऐक. एक फावडंसुद्धा लागता कामा नये. तू याचिकाकर्ती आहेस. ते फोटो काढतील आणि म्हणतील, ज्यांनी आदेश मागितला त्यांनीच मोडला. मग भरावावरची बंदी उठवायला त्यांना कारण मिळेल. पंधरा दिवसांत तिथे बांधकामाचे पत्रे लागतील, वर्षात टॉवर. थांबव त्यांना."

अमावास्येच्या दुपारी मी बांधावर उभी होते. सोनवणे सावलीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, मी त्यांच्या बाजूची असल्यासारखे. समोरून माणसं आली. शिरवण्याची वीसएक घरं असतील. फावडी, पहारी, घमेली. चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले लोक, एक बँकेत आहे, दोघांची दुकानं आहेत. बायका पदर खोचून. काकी सगळ्यांत पुढे, अनवाणी. तेवढ्या उन्हात त्या तापलेल्या विटांवर अनवाणी.

"बाजूला हो गो."

"काकी, नाही. ऑर्डर आहे."

"कोनाची ऑर्डर? आपलीच ना?"

"आपलीच."

"मंग आपली ऑर्डर आपल्यालाच नाय बोलते?"

मी समजावायला लागले. बंदी उठेल, भराव टाकतील, टॉवर येतील. पत्रकातली वाक्यं नव्हती ती, घशातून येत होती. जनार्दनने फावडं जमिनीत रोवलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तू डंपरसमोर पन अशीच उभी रायलेलीस."

"हो. राहिले होते."

"तो थांबला?"

मी तुडवलेल्या खारफुटीकडे बघितलं.

"तो नाय थांबला. आमी थांबतो. म्हनून आमच्यासमोर उभी रायतेस ना?"

तेव्हापासून मी किती पत्रकं लिहिली, किती माहितीचे अर्ज टाकले, किती सभांत बोलले. प्रत्येक ठिकाणी हे वाक्य माझ्या आधी येऊन बसलेलं असतं. कायदा ज्याला थांबायची सवय आहे त्यालाच थांबवतो, बाकीच्यांना तो बाजूने जाऊ देतो, खारफुटी तुडवत.

ते थांबले. कुणी मला ढकललं असतं तर बरं झालं असतं. कुणी ढकललं नाही. काकी बांधावर तिथेच खाली बसल्या, त्यांच्यामागून बाकीचे बसले. फावडी मांडीवर घेऊन, डोक्यावर पदर आणि रुमाल ओढून, सगळे खाडीकडे तोंड करून. आणि उधाण आलं.

ते धावत नाही आलं. खारफुटीच्या मुळांमधून गुपचूप चढत आलं. आधी चिप्सची रिकामी पाकिटं आणि थर्माकोलचे तुकडे उचलले गेले, मग पाणी राडारोड्याला लागलं, विटांच्या भोकांतून बुडबुडे आले. चढत चढत ते बांधाच्या ओठापर्यंत आलं आणि थांबलं. उजव्या हाताला काठोकाठ खाडी, डाव्या हाताला भेगा. मध्ये आम्ही, एका माणसाच्या रुंदीचे. पाणी एवढं जवळ होतं की काकींनी हात खाली घालून ओंजळ भरली आणि डावीकडे कोरड्यात टाकली. तेवढाच डाग पडला. बघता बघता वाळला.

"हा पन गुन्हा कं गो?" त्यांनी मला विचारलं.

मग पाणी फिरलं. चढताना दिसत नव्हतं तसंच उतरतानाही दिसेना, नुसती विटांवर ओली रेघ वर राहत गेली. "गेला," काकी म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. माणसं आली तशी गेली. एक घमेलं मागे विसरलं होतं, ते घ्यायलाही कुणी परत आलं नाही. सोनवणे मला म्हणाले, "बरं झालं मॅडम तुम्ही होता. नाही तर माझी नोकरी गेली असती." मनापासून म्हणाले. त्यांचा राग येणं शक्य नव्हतं, हेच मला सहन होईना.

पुढच्या आठवड्यात पाहणी झाली. साहेब पॉलिश केलेल्या बुटांनी तळ्याच्या मधोमध चालत गेले, तिथे उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. पंचनाम्यात लिहिलं, पाणी आढळले नाही.

"तोंड बुजवलंय म्हणून आढळलं नाही," मी म्हटलं.

"ते अज्ञात व्यक्तींनी."

"मग उघडा ना."

साहेब हसले. ते नेहमीच हसतात. "जैसे थे आहे ना, मॅडम. तुमचीच ऑर्डर."

जूनमध्ये तळं पावसाने भरलं. वरून पडलेलं गोडं पाणी, बेडकांचं, डासांचं. मी फोटो काढले, वकीलबाईंनी लावले. समोरच्यांनी प्रतिज्ञापत्रात म्हटलं, पावसाळ्यात कोणत्याही खोलगट जागेत पाणी साचते. तारीख पडली. मग पुढची पडली. न्यायाधीश बदलले, सरकारी वकील बदलले, साहेबांची बदली होऊन दुसरे साहेब आले, त्यांना प्रकरण वाचायला वेळ हवा होता. आदेश मात्र तसाच आहे. प्रत्येक तारखेला एका ओळीत पुढे ढकलला जातो.

म्हणून आज स्थिती अशी. ते तळं कुणी भरू शकत नाही आणि कुणी उघडू शकत नाही. त्याच्या शेजारी, जिथे आमची याचिका नव्हती, तिथे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या जाहिरातीत 'फ्लेमिंगो व्ह्यू' आहे. आमच्यामुळे तळ्यावर टॉवर नाही. आमच्यामुळे तळ्यात पाणी नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एका पत्रकात ती दोन्ही बसत नाहीत. सभेत मी पहिलं बोलते. टाळ्या पडतात. दुसरं घरी येताना पाम बीच रोड ओलांडताना आठवतं, सिग्नलला, जिथे कारंज्यात फायबरचा फ्लेमिंगो एक पाय वर करून उभा आहे. तोही किती वर्षं तसाच. त्याचा दुसरा पाय कधी टेकणार नाही.

लोक विचारतात, मग कोर्टात कशाला गेलात? प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. कुठे जायचं होतं? डंपरकडे? ऑफिसात? कोर्टात गेलो म्हणून निदान माती पडायची थांबली. कोर्टाची पायरी चढू नये म्हणणारी शहाणी माणसं कायम अशा घरात राहतात ज्याच्या मागे तळं नसतं. मी उद्याही जाईन. पण दारात जाऊन बसलेल्याला आत घेत नाहीत आणि उठूनही जाता येत नाही, या अवस्थेला काही तरी नाव हवं होतं, विशेषण नव्हे.

आज अमावास्या. दुपारी मी बांधावर गेले. मे महिन्यातल्या प्रत्येक उधाणाला जाते, आता ती सवयच झालीय. काकी आधीच येऊन बसल्या होत्या. टोपली रिकामी. स्टेशनबाहेर त्या आता मुलुंडच्या बाजारातून आणलेली कोळंबी विकतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतात, ही माजी नाय. माझ्याशी त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या. मग एकदा दिवाळीत अचानक डबा पाठवला. आता शेजारी बसतो. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही.

सोनवणे अजून तेच आहेत. केस पांढरे झालेत, रुमाल तोच.

पाणी चढलं, बांधाच्या ओठाशी आलं, थांबलं. नेहमीसारखंच. आणि मग काकींनी माझ्या दंडाला धरलं. हनुवटी डावीकडे केली. कोरड्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, बोट जाईल एवढं एक बीळ. त्यातून पाण्याची धार नव्हे, धार म्हणता येणार नाही, एक ओला उमाळा येत होता. थांबत होता, येत होता. मुरूम काळा पडत चालला होता. चिंबोरीने इकडून तिकडे पोखरून काढलं होतं. राबिट, विटा, फुटक्या फरशा, सगळ्यातून.

सोनवणे उठले. त्यांनी पाहिलं. आपल्या बसायच्या टपरीमागून फावडं आणि घमेलं आणलं, त्यात मुरूम भरला आणि बिळाशी येऊन उभे राहिले. घमेलं कमरेवर टेकवून माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, बुजवू ना? जैसे थे ना?"

ते बरोबर विचारत होते. मीच त्यांना शिकवलं होतं, याच जागेवर उभं राहून. माझ्या डोक्यात वकीलबाईंचा आवाज आला, मागचा पंखा बंद झालेला. काकी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बिळाकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते, हाक मारल्यासारखे.

"सोनवणे," मी म्हटलं, "लेखी आदेश आहे का तुमच्याकडे?"

"कसला?"

"हे बीळ बुजवायचा."

"नाही बा."

"मग लेखी आदेश आल्याशिवाय काही करता येत नाही."

सोनवणेंनी घमेलं खाली ठेवलं, डोक्यावरचा रुमाल काढून पिळला आणि आमच्या शेजारी येऊन बसले.

पाणी फिरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. पाणी फिरलं तसा उमाळा थांबला. कोरड्यात एका माणसाला बसता येईल एवढी जागा ओली झाली होती. ऊन तिच्यावर आलं होतं, कडांनी ती वाळायलाही लागली होती. काकी उठल्या, साडी झटकली, रिकामी टोपली काखेत मारली.

"पुनवेला येशील कं?"

"येईन."